पावसापाण्यात सहकुटुंब जिओकॅशिंग: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पाऊस लागला म्हणून जिओकॅशिंगचा बेत मोडायची गरज नाही, आणि बेत ठरलाय म्हणून कसल्याही हवेत बाहेर पडायचीही गरज नाही. भिजट दिवशी वाटेवर गर्दी नसते, झुडपात डोकावताना कुणी वळून बघत नाही, आणि घरात कंटाळलेल्या मुलांना बाहेर काढायला चांगलं निमित्त मिळतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं: महत्त्वाचे सगळे निर्णय घरी, कोरड्या कपड्यांत असताना घ्यायचे. बाहेर माणूस भिजला, काकडला, की त्याला नीट ठरवता येत नाही. मुलं तर 'अजून थोडंच राहिलंय' म्हणत पुढे ओढतच राहतात. म्हणून या लेखात घरच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे.

खेळ नवा असेल तर थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकतो, आणि बाकीचे फोनच्या किंवा जीपीएस यंत्राच्या मदतीने तो शोधतात. डब्याला म्हणायचं कॅश. आत एक लॉगबुक असतं, म्हणजे वही किंवा कागदाची गुंडाळी. त्यावर आपलं खेळातलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि ॲपवर नोंद करायची. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र काही मीटरच्या आत जागा दाखवू लागलं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा लपवला.

आधी हवा, मग डबा

नवखे लोक आधी डबा निवडतात आणि मग आभाळाकडे बघतात. क्रम उलटा हवा.

खराब हवा म्हणजे नेमकं काय, हे वेगवेगळं करून बघा. रिमझिम, संततधार, धुकं, थंडी यांत योग्य कपडे आणि छोटी वाट असेल तर मुलांना नेता येतं. विजा, सोसाट्याचा वारा आणि चढतं पाणी यांत नेता येत नाही. इथे 'बघू, जाऊन तर बघू' हा पर्यायच ठेवू नका.

विजेचा हिशेब मुलांनाही शिकवून ठेवा. चमक दिसली की सेकंद मोजायला लागा. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर येतो. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखालचा आडोसा विजेच्या वेळी सगळ्यात वाईट. पावसात आपोआप पाय तिकडेच वळतात, म्हणून हे घरीच बोलून ठेवावं.

वाऱ्याचा धोका वरून येतो. वाळलेल्या, वठलेल्या फांद्या पाण्याने जड होतात आणि वाऱ्यात तुटतात. झाडीतला डबा त्या दिवशी सोडून द्या, मोकळ्या जागेतला घ्या.

आणि पाणी. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला खाली पाडू शकतं, मुलाला त्याहून कमी पुरतं. ओहोळ ओलांडून जावं लागणारा डबा पावसात यादीतून काढूनच टाका. जाताना ओहोळ घोटाभर असेल, येताना तो तसाच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. डोंगरात वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली उशिरा पोचतो.

डबा निवडताना

प्रत्येक कॅशच्या पानावर दोन अंक असतात. पहिला शोधण्याची अवघडता, दुसरा वाटेची. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने चढत जाणारे. वाट १ म्हणजे चाकाच्या खुर्चीनेही पोचता येईल अशी, ५ म्हणजे खास साधनं लागणारी. पहिल्या पावसाळी फेरीला दोन्ही अंक दीडच्या आतच असू द्या. डबा लपवणाऱ्याने वाटेचा अंक देताना बहुतेक वेळा कोरडी वाट डोळ्यांसमोर ठेवलेली असते. शेवाळलेला दगड, ओली मुळं आणि चिखलाचा उतार आला की दोनची वाट तीनसारखी वागते, म्हणून एक पायरी कमीच धरावी.

त्यानंतर आकार. अगदी छोट्या डब्याला मायक्रो म्हणतात. त्यात १०० मिलिलिटरपेक्षा कमी जागा असते, कधी बोटाच्या पेराएवढा असतो. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी तो उघडणं, आतली गुंडाळी काढणं आणि परत भरणं मोठ्यांनाही जड जातं. मुलांना त्यात काही मिळतही नाही. १०० मिलिलिटर ते १ लिटरचा स्मॉल किंवा त्याहून मोठा रेग्युलर शोधा. झाकण उघडल्यावर आत काहीतरी रंगीत दिसलं की मुलांचा अर्धा शीण जातो.

प्रकारही बघा. ट्रॅडिशनल म्हणजे दिलेल्या जागीच डबा. नवख्यांनी याच्याच मागे लागावं. मल्टीमध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता मिळत जातो, आणि शेवट किती लांब आहे हे आधी कळत नाही. पावसात मुलांबरोबर असं अनिश्चित अंतर नको. मिस्टरीमध्ये डब्याची खरी जागा कोडं सोडवल्यावर कळते, आणि ते कोडं मात्र घरी बसून सोडवता येतं. पाऊस थांबायची वाट बघत असाल तर त्या दुपारी तेच करा आणि जायचं पुढच्या उघडिपीला. अर्थकॅश हा एक वेगळाच प्रकार आहे. तिथे डबा नसतो, जागेचं भूशास्त्र बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. भिजायला काहीच नाही, आणि ओल्या खडकाचे थर व रंग कोरड्यापेक्षा कितीतरी उठून दिसतात. मला पावसात हा प्रकार फार आवडतो.

पानावरची छोटी चिन्हंही वाचा. मुलांसाठी योग्य, तासाभरात होणारी, बाबागाडी जाईल अशी, पाण्यातून जावं लागेल अशी, हे सगळं तिथे दाखवलेलं असतं. मग शेवटच्या काही नोंदी बघा. अलीकडे कुणाला सापडलाय का? ओळीने दोन-तीन जणांना सापडला नसेल तर डबा बहुधा जागेवर नाही. 'लॉगबुक भिजलंय', 'झाकण तुटलंय' असं कुणी लिहिलं असेल तर पावसात तिकडे जाण्यात अर्थ नाही. मुलांच्या पहिल्या फेरीला सापडण्याची शक्यता भरपूर असलेलाच डबा हवा.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. नियमानुसार दोन वेगवेगळ्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावं लागतं. म्हणजे एखाद्या पायवाटेवर ओळीने डबे असतील तर एक-दीड किलोमीटरमध्ये चार-पाच सहज मावतात. पावसाळी दिवसासाठी अशी वाट उत्तम, कारण कुठल्याही डब्यानंतर मागे फिरता येतं आणि तरी हाती काहीतरी लागलेलं असतं.

अंतर फसवतं

ॲप दाखवतं ते सरळ रेषेतलं अंतर. ३०० मीटर म्हटलं तरी मध्ये नाला, कुंपण किंवा चढ असेल तर वाट ९०० मीटरची होते. घरीच नकाशा मोठा करून पायवाट कुठून जाते ते बघा, गाडी कुठे लावायची ते ठरवा. लहान मुलांबरोबर चिखलात तासाला दोन किलोमीटर होतील असं धरून चाला. जाऊन-येऊन दीड-दोन किलोमीटरवर मर्यादा घाला आणि अंधार पडण्याच्या दोन तास आधी गाडीपाशी असायचं असं ठरवा. ढगाळ दिवशी झाडीत अंधार लवकर होतो.

परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा आणि मुलांना निघण्याआधीच सांगा. 'चारला जिथे असू तिथून मागे.' मुलांना आधीपासून माहीत असलेला नियम ती बऱ्यापैकी पाळतात, ऐनवेळी काढलेला नियम मात्र त्यांना अन्याय वाटतो. घरी राहणाऱ्या कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ कळवा.

फोनची काळजी

ढग आणि पाऊस यांनी जीपीएसचा संकेत फारसा अडत नाही. अडतो तो ओल्या पानांच्या दाट छताने, आणि कड्यांवरून किंवा भिंतींवरून परावर्तित झाल्यामुळे चुकतो. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, भिजलेल्या झाडीत बाण इकडेतिकडे उडायला लागतो. यंत्र बिघडलेलं नसतं.

जागा कळण्यासाठी मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशा दिसण्यासाठी लागतं. म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कॅशच्या पानाचे स्क्रीनशॉट काढा: वर्णन, हिंट, शेवटच्या नोंदी. अक्षांश-रेखांश कागदावरही लिहा. ते अंश आणि दशांश मिनिटांत असतात, मिनिटांनंतर तीन आकडे. अक्षांशातला शेवटचा आकडा एकाने चुकला तर फरक पावणेदोन-दोन मीटरचा. दशांश चिन्हानंतरचा पहिलाच आकडा चुकला तर जवळजवळ १८५ मीटरचा. लिहून झाल्यावर मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ताडून बघा.

ओल्या बोटांना पडदा नीट प्रतिसाद देत नाही, पाण्याचे थेंबही स्पर्शासारखे वागतात. फोन पातळ पारदर्शक पाकिटात घाला. पाकिटावरून बोट चालतं. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचा आणि शंभर-दीडशे पावलांवर एकदा बघायचा. पॉवर बँक घ्या, पण भिजलेल्या चार्जिंगच्या छिद्रात केबल खुपसू नका.

कपडे आणि पिशवी

सुती कपडे पाणी धरून ठेवतात आणि अंगातली ऊब ओढून घेतात. अंगाला लागून लोकरीचं किंवा लवकर वाळणारं कृत्रिम धाग्याचं काहीतरी, त्यावर उबदार थर, सगळ्यात वर पाणी न झिरपणारं जाकीट. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडतं, आणि कडेवरचं किंवा बाबागाडीतलं मूल तर चालतही नसतं, त्यामुळे त्याला एक थर जास्तच घाला. सगळ्यांसाठी कोरड्या कपड्यांचा आणि मोज्यांचा जोड गाडीत ठेवा.

छत्री न्याच, पण चालताना उघडायला नव्हे. वाऱ्यात आणि झुडपात ती नुसती आडवी येते. तिचं खरं काम डबा उघडताना आहे. पिशवीत पेन्सिल, एक जुनं सुती फडकं, दोन-तीन घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, थर्मासमध्ये गरम पेय आणि हातमोजे काढायला न लागता खाता येईल असा खाऊ. पेन्सिलच का? ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही, शाईचं पेन पसरतं, पेन्सिल दोन्हीतून वाचते.

शोधताना

मुलांना कामं वाटून द्या, आणि ती खरी असू द्या. एकाकडे फोन, एकाकडे कागद-पेन्सिल, सगळ्यात धाकट्याकडे टॉर्च. नुसतं मागून चालणारं मूल दहा मिनिटांत थंडीची तक्रार करायला लागतं.

डबा दहा-पंधरा मीटरवर आला की फोन खिशात घाला. सगळ्यांनी जागेवर उभं राहून आजूबाजूला बघा: इथे मी लपवला असता तर कुठे? झाडाच्या ढोलीत, दगडांच्या फटीत, पडलेल्या ओंडक्याखाली, कुंपणाच्या खांबामागे. निसर्गात काटक्या एकमेकींना समांतर रचलेल्या नसतात. तसा ढीग दिसला तर तिथे माणसाचा हात लागला आहे. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर लपवणीवरची पानं वाहून जातात, हलका डबा घसरून उताराच्या दिशेने जातो. मूळ जागी नसेल तर खालच्या बाजूला दोन-तीन मीटर बघा.

फटीत किंवा ढोलीत सरळ हात घालायचा नाही. पावसात किडे, विंचू, साप अशाच कोरड्या जागा शोधतात. आधी टॉर्च मारा, मग काठीने चाचपा, मग मोठ्या माणसाने हात घालायचा. ओल्या झाडावर, भिंतीवर चढायचं नाही. जमीन खणायची नाही, दगडी बांध उचकटायचा नाही.

पंधरा मिनिटांत सापडला नाही तर हिंट वाचा. ती संकेतस्थळावर उलटसुलट अक्षरांत असते: इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवलेलं, म्हणजे ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. अक्षरं २६, त्यामुळे आणखी १३ घरं सरकवली की मूळ शब्द परत मिळतो. ॲप एका टिचकीत उलगडून दाखवतं, पण वाचता-लिहिता येणाऱ्या मुलाला कागदावर सोडवू द्या. गाडीत सर थांबायची वाट बघताना हे छान जमतं. हिंटनंतरही दहा मिनिटांत हाती लागला नाही तर पुढे चला.

डबा उघडताना: सगळ्यात नाजूक काम

इथे घाई करू नका. बंद डबा पावसात वर्षानुवर्षं टिकतो. उघडा डबा एका मिनिटात आतून भिजतो आणि मग बंद झाकणाखाली ती ओल बाहेर पडू शकत नाही. लॉगबुकचा लगदा होतो, वस्तूंना बुरशी लागते. पुढच्या कुटुंबाला काय सापडेल हे तुमच्या या दोन मिनिटांवर ठरतं.

डबा उचलण्याआधी तो कसा ठेवला होता त्याचा फोटो काढा. मग तो घेऊन आडोशाला या. एकाने छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूने खाली धरायची, बाकीच्यांनी पाठी बाहेर करून गोल करायचं. झाकण उघडण्याआधी डबा बाहेरून फडक्याने पुसा, विशेषतः झाकणाच्या कडेची खाच. तिथे साचलेलं पाणी झाकण उचलताच आत ओघळतं. टोप्या मागे घ्या किंवा डोकं लांब ठेवा, टोपीच्या कडेवरून गळणारा थेंब नेमका वहीवर पडतो. हात कोरडे करा आणि मगच उघडा.

लॉगबुक बहुधा छोट्या पिशवीत असतं. फक्त तेच बाहेर काढा, झाकण लगेच परत ठेवा. नाव-तारीख लिहा, वही पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवीचं तोंड बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत न्या. पिशवी फाटली असेल तर तुमच्याजवळची नवी द्या. वही इतकी भिजली असेल की लिहिताच येत नाही, तर तिचा फोटो काढा, एका कोरड्या चिठ्ठीवर नाव-तारीख लिहून नव्या पिशवीत घालून ठेवा. जुनी वही मात्र काढून नेऊ नका, ती डबा लपवणाऱ्याची आहे.

वस्तूंची अदलाबदल मुलांना सगळ्यात प्रिय. नियम साधा: जे घ्याल त्याच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं ठेवायचं. पावसात निवडायला वेळ लावू नका. काय ठेवायचं ते घरून ठरवून आणा आणि ते पाण्याने खराब न होणारं असू द्या. स्टिकर किंवा कागदी चित्रं नकोत, साबणाच्या फुग्यांची बाटली तर मुळीच नको. खाण्याची वस्तूही चालत नाही, कारण वासाने प्राणी डबा चावून फोडतात. गंमत अशी की अल्मर यांच्या पहिल्या डब्यात, म्हणजे एका काळ्या बादलीत, घेवड्याच्या बियांचा बंद कॅन होता आणि ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांत खाण्याची वस्तू बसली नसती, आणि जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरताही आला नसता. धातूची पट्टी आणि त्यावर कोरलेला संकेतांक असलेली वस्तू दिसली तर ती ट्रॅव्हल बग असू शकते. ती भेट नव्हे, डब्यातून डब्यात प्रवास करणारी वस्तू. पुढे नेऊन दुसऱ्या डब्यात ठेवायची आणि ॲपवर नोंदवायची तयारी असेल तरच उचला.

बंद करताना झाकणाच्या रबरी कडेवरून एकदा बोट फिरवा. वाळूचा एक कण किंवा गवताची एक काडी अडकली तरी पाणी आत जायला वाट मिळते. झाकणाच्या खिट्ट्या चारही बाजूंनी लागल्याचा आवाज ऐका, मग फोटो बघून डबा होता तिथेच, होता तसाच ठेवा. 'इथे जास्त कोरडं राहील' म्हणून जागा बदलू नका. पुढच्याला सापडणार नाही.

मुलांकडे लक्ष

कुडकुडणं ही पहिली खूण. त्यानंतर बोटांनी साधी चेन लावता न येणं, अडखळत चालणं, शब्द जड होणं, आणि एरवी बडबडणारं मूल गप्प होणं. यातलं काहीही दिसलं की खेळ तिथेच संपला: कोरडे कपडे, गरम पेय, घराकडे. मूल कुडकुडायचं थांबलं पण सुस्त, गोंधळलेलं वाटतंय, तर ते बरं झालेलं नाही, बिघडत चाललंय. ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या.

धुक्यात सगळ्यांनी एकमेकांना दिसेल इतक्या अंतरात चालायचं. चुकलास तर चालत राहू नको, झाडापाशी थांब आणि शिट्टी वाजव, हे प्रत्येक मुलाला निघण्याआधी सांगा. विजा असतील तेव्हा झाडापाशी थांबायचं नाही, हेही त्याच दमात सांगा.

घरी आल्यावर

कपडे वाळत घाला, बुटांचा चिखल धुवा, म्हणजे एका रानातलं बी-बुरशी दुसऱ्या रानात जात नाही. गवतातून फिरला असाल तर मुलांच्या कानामागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचिडी चिकटली नाही ना, ते बघा.

मग नोंद करा, आणि ती मुलांना सांगू द्या, तुम्ही टाइप करा. डबा नेमका कुठे होता हे मात्र लिहू नका, तसा फोटोही टाकू नका. सापडला नसेल तरी नोंद करायचीच. 'सापडला नाही' अशा नोंदींवरूनच डबा लपवणाऱ्याला कळतं की जाऊन बघायला हवं. पावसात भेट दिलेल्यांनी तर आतली परिस्थिती आवर्जून लिहावी: लॉगबुक कोरडं होतं की ओलसर, झाकण घट्ट बसत होतं की नाही. कोरड्या दिवसांत येणाऱ्यांना गळती कळत नाही, ती तुम्हाला दिसते. झाकण तडकलं असेल तर त्याचा जवळून काढलेला फोटो नोंदीला जोडा, म्हणजे लपवणारा मोजमाप बघून नवा डबा घेऊनच तिथे जाईल.